चंदेरी शिडी

नारळी पुनव जवळ आली की आमच्या तारकर्लीच्या घरात रंगाचा वास भरायचा. बाबा पर्यटकांची होडी चालवतात. पावसाळाभर ती माडांखाली ओढून ठेवलेली असते. समुद्राला नारळ देण्याआधी होडीला नवा रंग, आणि पाण्यात उतरायच्या अॅल्युमिनियमच्या शिडीला चंदेरी. डबा धरायचं काम माझं. दुसऱ्या दिवशी शाळेत मी चंदेरी नखं मुठीत लपवून बसायचे. त्याच शिडीची खालची पायरी धरून मी तरंगायला शिकले.

गेल्या वर्षी, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या सुट्टीत, डबा धरताना मला शिडीच्या एका पायरीवर रंगाचे पोपडे दिसले. खाली पांढरी भुकटी होती. बाबा दरवर्षी तिच्यावरूनच रंग मारायचे. मी नखाने खरवडलं. स्टीलचा बोल्ट चकचकीत, पण त्याला टेकलेलं अॅल्युमिनियम खाऱ्या पाण्याने पोखरलेलं. गुळगुळीत धातूत भार सगळीकडे वाटला जातो. खड्डा पडला की तो भार खड्ड्याच्या कडेशी गोळा होतो. चीर तिथूनच सुरू होते आणि दर चढणाऱ्यागणिक पुढे सरकते.

"शिडयेत काय वाचतंस गो?" बाबांनी विचारलं.

"बाबा, हिच्यार आता कोणाक चढवू नको."

"अॅल्युमिनियमाक खंय गंज येता? ह्यांच शिकलंस काय थंय?" ते स्वतः त्याच पायरीवर उभे राहिले. "बघ, माझ्यासारखो रेडो चढलो तरी हलाक नाय!"

वाद घालणं मला जमत नाही. ते जेवायला गेल्यावर मी त्या पायरीवरचा सगळा रंग खरवडून तिथे इंजिनाचं डिझेल चोळलं, थोड्या वेळाने कोरडं पुसलं आणि वर पांढरी रांगोळी भुरभुरवली. चिरेत मुरलेलं डिझेल हळूहळू वर आलं. बोल्टापासून पायरीच्या मध्यापर्यंत एक काळपट रेघ उमटली.

बाबा परत आले, वाकून बघत राहिले.

"ही रांगोळी कोणी काढल्यान?"

"समुद्रान."

ते हसले नाहीत. पाना आणून त्यांनी स्वतःच बोल्ट सोडवले.

होडीला आता नवी शिडी आहे. जुनी विहिरीजवळ टेकवून ठेवलीय, तिच्यावर दोडकी चढलीय. यंदा पुनवेआधी नवी शिडी नीट धुऊन, घासून, मगच रंगवून झाली. मग बाबा उरलेला चंदेरी रंग घेऊन विहिरीकडे निघाले.

"गो, डबो धर."

मी धरला. खालच्या पायरीपासून त्यांनी सुरुवात केली.