तिसऱ्या खेपेचा कौल

आईच्या उजव्या हाताची तीन बोटं बधिर झाली तेव्हा आमच्या गोठ्यात एकच म्हैस उरली होती, आणि ती आईशिवाय कुणाला कासेला हात लावू देत नव्हती. शहरातल्या डॉक्टरांनी मनगट दाबून, ठोकून पाहिलं. "धारा काढणं बंद करा," ते म्हणाले, "नाहीतर पुढे मूठ वळणार नाही." आमच्या गावी, गडमुडशिंगीला बसमधून उतरताना आई एवढंच म्हणाली, "मग म्हशीचं काय?"

मी पत्रकांवर वाढलो. वडील बाजाराच्या दिवशी अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं वाटायचे आणि उरलेल्या गठ्ठ्यांवर बसून मी वाचायला शिकलो. ते गेल्यावर पत्रकं लिहायचं काम माझ्याकडे आलं. प्रश्न विचारा, पुरावा मागा, मग ठरवा. हे मी इतक्या वेळा लिहिलंय की आता लिहिताना फक्त हात चालतो.

शेजारी राहणाऱ्या चुलतीनं आम्हाला न विचारताच देवळात कौल लावला. मूर्तीच्या दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. म्हैस ठेवायची का, असा तिचा प्रश्न होता.

"उजवी पडली," ती दारातूनच ओरडली. "ठेवा म्हणतोय देव."

"कितव्यांदा पडली, काकी?"

"तिसऱ्यांदा. आदी दोनदा डावी पडली, पर कळ्या लई वल्या हुत्या."

मला हसू आवरलं नाही. "म्हणजे तुम्हाला पाहिजे ते येईपर्यंत लावत बसला."

"लई शाणा हायस! मग तू लाव की तुजा कौल."

मी लावला. कोऱ्या कागदावर दोन रकाने आखले, एक ठेवण्याचा आणि एक विकण्याचा. आईचा हात, घरचं दूध, वैरण, दूध काढायचं यंत्र, आईचं मन, प्रत्येकाला दहापैकी गुण दिले. बेरीज केली तर 'ठेवणे' दोन गुणांनी पुढे. आईच्या मनाला आठ देणं हा भावनेचा भाग झाला, असं म्हणून मी ते खोडून सहा केले. दोन्ही रकाने सारखे झाले. मग हाताचं महत्त्व जास्त आहे म्हणून त्याचे गुण दुप्पट धरले आणि 'विकणे' जिंकलं. समाधान वाटलं. हातकणंगल्याच्या बाजूच्या एका व्यापाऱ्याला फोन करून रविवारी बोलावलं आणि कागद आईपुढे ठेवला.

ती डाव्या हातानं तांदूळ निवडत होती. कागद उजेडाकडे धरून तिनं बराच वेळ पाहिला. खाडाखोडीवरून बोट फिरवलं.

"तुजा बी तिसऱ्यांदाच लागला की रं."

चौकात माईक हातात घेऊन मी भल्याभल्यांना उत्तरं दिली आहेत. इथे मी नुसता कागद परत घ्यायला हात पुढे केला.

"आनि ह्यात तू कुटं हायस?" तिनं विचारलं. "धारा तू काढशील, हे कुटं लिवलंस?"

लिहिलं नव्हतं. सुचलं नव्हतं असं म्हणावंसं वाटतं, पण तसं नाही. सकाळ-संध्याकाळ एका जनावराला बांधून घ्यायची माझी तयारी नव्हती. आईच्या हाताची काळजी खरी होती, आणि तिच्याआड मी लपलो होतो हेही खरं.

मी व्यापाऱ्याला येऊ नको म्हणून कळवलं. एक महिना मी धारा काढायच्या आणि मग ठरवायचं, असं आम्ही बोललो.

त्या महिन्याचं कौतुक करण्यासारखं काही नाही. आई म्हशीच्या तोंडापाशी उभी राहायची, म्हणजे म्हशीला आईचा वास यावा. मी कास कोमट पाण्यानं धुवायचो, सडांना हात घालायचो, म्हैस पाय झाडायची. पान्हा आला तरी अर्धाच. सकाळी डेअरीत दूध घालून कामावर, संध्याकाळी परत गोठा. चळवळीच्या दोन बैठका चुकल्या, एक पत्रक अर्धं राहिलं आणि कुणाला त्याची आठवणही झाली नाही. माझी मनगटं दुखायला लागली तेव्हा आईनं इतकी वर्षं काय केलं ते थोडंफार कळलं. त्या कळण्यानंही दमायलाच झालं.

तिसऱ्या आठवड्यात एकदा डेअरीच्या अर्ध्या वाटेवरून परत आलो, दुधाचं कार्ड विसरलं होतं. आई म्हशीखाली बसली होती. दोन्ही हातांनी उरलेलं दूध काढत होती.

मी ओरडलो. काय ओरडलो ते इथे लिहीत नाही.

"दूध आत ऱ्हायलं की कास सुजती," ती मान वर न करता म्हणाली. "तुला निपटून काढाय येत न्हाई. मी नुसतं बघत बसू व्हय?"

"रोज करतेस?"

"पयल्या दिवसापासनं."

म्हणजे हाताला एक दिवसही विसावा नव्हता. मी तिथेच वैरणीच्या पेंढीवर बसलो. रागवायचं त्राण नव्हतं.

त्यानंतर चार दिवसांनी जेवताना तिच्या हातातून भाकरीचा तुकडा दोनदा निसटला. तिनं तो उचलला, ताटात ठेवला.

"बोलीव त्याला," ती म्हणाली.

"कुणाला?"

"त्या यापाऱ्याला."

"आई, त्या कागदामुळं म्हणत असशील तर..."

"कागद घाल चुलीत. ती दारात हाय तवर मला ऱ्हावायचं न्हाई. मी मला वळखतो की."

माझ्या कागदानं हेच सांगितलं होतं. पण ही गोष्ट त्याच्या एकाही रकान्यात नव्हती.

रविवारी व्यापारी आला. आमच्याकडे जनावर विकलं तरी त्याचं दावं देत नाहीत, घरी ठेवतात; घेणाऱ्यानं आपलं आणायचं. त्यानं आपलं नवं दावं म्हशीच्या गळ्यात घातलं. जुन्याची गाठ सोडायला आई पुढे झाली. बोटांना गाठ लागत नव्हती. व्यापारी म्हणाला, "पावणं, तुमी सोडा की, उशीर हुतोय."

मी पाऊल पुढे टाकलं.

"थांब," आई म्हणाली.

मी थांबलो. गाठ सुटायला बराच वेळ लागला.