ओला राहिलेला कापूस

ही हकीकत सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आताही टाळलं असतं. गेल्या महिन्यात नागपूरहून यमुनाबाईंच्या भाचीचा फोन आला, "मावशी गेली, काका." मग शोकसभा झाली. तिथे एक वक्ते म्हणाले, बाई थोरच, पण सुरुवातीला त्यांचा हात जरा कच्चा होता. मी मागच्या रांगेत बसलो होतो. उठून बोललो नाही. म्हणून आज लिहितो आहे... त्यांचा हात कधीच कच्चा नव्हता.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. तेव्हा गडचिरोलीही चांदा जिल्ह्यातच होती. डॉ. यमुना वैरागडे मूळच्या आरमोरीकडच्या, शिकल्या नागपुरात. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर वाढायच्या आधीच ओळखता येईल का, हा त्यांचा अभ्यास. आतला स्राव काचपट्टीवर पसरायचा, पेशी टिकाव्यात म्हणून ओला असतानाच स्पिरिटच्या बरणीत बुडवायचा आणि नागपुरात सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचा. मी त्यांचा मदतनीस. बरण्या माझ्या ताब्यात.

अंगावरून जातं हे बायका तेव्हा सख्ख्या बहिणीलाही सांगत नसत. आरमोरीजवळच्या तलावकाठच्या एका गावात तर तपासणीसाठी कोणी पडद्याआड यायलाच तयार नव्हतं. तिथल्या बायका सगुणाचं ऐकत. ती तलावात मासे धरायची आणि पावसाळ्यात धानाच्या रोवणीला जायची. ती बाईंना म्हणाली, "तुमी आमचं सगळं पाहान. आमी तुमचं काय पाहाव? चाला, उतरा बांधीत." बाई लुगडं खोचून खाचराच्या चिखलात उतरल्या आणि संध्याकाळपर्यंत वाकून धान रोवत राहिल्या. सगुणानं त्यांची रांग पाहिली. "बाई, हे रोवणं हाय का कोंबडीनं उकरलं?"

"कोंबडी तं कोंबडी," बाई म्हणाल्या. "उद्या पडद्याआड येता का नाई, ते सांगा."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पडवीत लुगड्याचा पडदा लागला आणि हसत, एकमेकींना ढकलत बायका आल्या. सगुणा आली, तिची जाऊही आली.

त्याच्या आदल्याच संध्याकाळी, बाई बांधीत असताना, मी ते करून बसलो होतो. ज्या खात्याची जीप आम्हाला मिळे, त्याचा एक साहेब डाकबंगल्यात मुक्कामाला होता. त्याचा शिपाई बाटली घेऊन आला. "साहेबाले प्यायले थोडंसंच स्पिरिट पायजे, भाऊ. मंग पाणी टाकून देजो. कोन पाह्यते?" साहेबाला नाही म्हटलं तर जीप जाईल, असं मी मनाला सांगितलं. खरं म्हणजे साहेबानं मला ओळखावं, पाठीवर हात ठेवावा, एवढीच हौस होती. मी बाटली भरून दिली आणि बरणीत विहिरीचं पाणी घातलं. दिसायला दोन्ही सारखंच.

नागपुरात एकही पट्टी वाचता आली नाही. पेशी फुगलेल्या, पुसट. वरिष्ठांनी शेरा मारला, हात कच्चा आहे. बाईंना पुढच्या अभ्यासासाठी मुंबईला पाठवायचं ठरत होतं, ते राहून गेलं. त्या कोणाशी वाद घालत बसल्या नाहीत. बरणीत उरलेल्या स्पिरिटमध्ये कापसाचा बोळा बुडवून त्यांनी बशीत ठेवला आणि माझ्यापुढे हात केला. "काडी द्या, शामराव." निळी ज्योत उठली आणि विझली. स्पिरिट चोख असलं की शेवटी कापूसही करपतो. हा ओलाच राहिला. बाई त्याच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या... माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

आम्ही पुन्हा त्या गावी गेलो. स्पिरिट खराब होतं, असं त्यांना म्हणता आलं असतं. पण मग सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या असत्या. त्या म्हणाल्या, "चूक माह्यी झाली. पुन्हा एकदा तपासावं लागते." सगुणाची जाऊ म्हणाली, "एकदा लाज सोडली, बाई. आता दुसऱ्यांदा काऊन?" आणि ती शेताच्या धुऱ्यावरून चालत निघून गेली. तिच्या मागं आणखी काही जणी गेल्या. सगुणा थांबली. "कोंबडीनं पुन्हा उकरलं म्हना," असं पुटपुटत आत गेली.

तिच्या दुसऱ्या पट्टीत रोगाची सुरुवात दिसली. बाईंनी तिला नागपूरला नेऊन शस्त्रक्रिया करवली. पुढं कितीतरी वर्षं सगुणा त्याच तलावात जाळं टाकत होती आणि बाईंना सुकी मासळी पाठवत होती. जाऊ मात्र रक्त जायला लागल्यावर आली. बाई तिलाही घेऊन नागपूरला धावल्या, पण तोवर करण्यासारखं काही उरलं नव्हतं. ती गेल्यावर तिच्या घरच्यांना भेटून परतताना जीपमध्ये बाई एवढंच म्हणाल्या, "मी तिच्या मागं धावायला हवं होतं." मी बाहेर सागाच्या झाडांकडे बघत बसलो.

पुढं बाईंनी चामोर्शीकडच्या गावांत तेच काम मुळापासून पुन्हा उभं केलं. त्या पट्ट्यांना कोणी नावं ठेवू शकलं नाही. शिकायला आलेल्या पोरींना त्या आधी चिखलात उतरवत, मग पडद्याआड नेत. बरण्या त्यांनी माझ्याकडून कधीच काढून घेतल्या नाहीत. फक्त रोज सकाळी, पडदा लावायच्या आधी, कापसाचा बोळा बशीत ठेवून त्या माझ्यापुढे हात करत. "काडी द्या, शामराव."

मी काडी देत असे. कापूस करपेपर्यंत आम्ही दोघं गप्प उभे असू... तेवढ्या वेळात सहज म्हणता आलं असतं, "बाई, त्या दिवशी पाणी मी घातलं होतं."