चारदा दात घासणारी

स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. लग्न होऊन बोरगावात आले आणि सासूबाईंनी मला गुडाखूची डबी दिली. तंबाखू आणि गुळाचा तो काळा लगदा बोटाने दातांवर चोळायचा. त्याला तंबाखू कोणी म्हणतच नसे, दात घासणं म्हणत. मीही दिवसातून चारदा घासायची आणि वर स्वच्छतेचा तोरा मिरवायची.

पंचविशीतच पुढचा दात हलू लागला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या कमरेला खोचलेल्या डबीचा वास घेतला. "अहो, हा तंबाखू आहे. यानेच हिरड्या गेल्या."

घरी येऊन मी डबी उकिरड्यावर भिरकावली. आठ दिवस डोकं ठणकलं, पण ती उचलून आणली नाही.

सासूबाईंनी विचारलं, "काऊन वं, दात घासणं सोडलं का?"

"नाई आत्याबाई," कडुलिंबाची काडी चावत मी म्हटलं, "आता सुरू केलं."