पोटातले भाडेकरू

चार वार्ताहर जमले की भ्रष्टाचाराचे किस्से अर्ध्या तासात संपतात, पोटाचे संपत नाहीत. बाहत्तरच्या दुष्काळात पारनेर तालुक्यातल्या एका पाझर तलावाच्या कामावर मी बातम्यांसाठी जायचो. तिथले एवढे साठलेत की आता कुणाला तरी सांगणं भाग आहे.

*

गुरं छावणीत गेल्यामुळे गावातलं दूध-ताक आटलं होतं. लोकांची रोजची आंबील सुटली आणि ताटात आली परदेशी लाल मिलो ज्वारी आणि कामावर वाटली जाणारी सरकारी सुखडी. साऱ्या कामावर पोटं फुगली. मी तसं लिहून नगरला आमच्या पेपरकडे दिलं. संपादकांनी 'वायू' शब्दावर काट मारली.

"लोक सकाळी चहा घेताना पेपर वाचतात हो."

"आणि चहानंतर कुठं जातात?" मी विचारलं.

बातमी छापली नाहीच. वर आठवडाभर मला नगरपालिकेच्या सभांना बसवलं!

*

कामाजवळच्या सरकारी दवाखान्यात कुलकर्णी नावाचे तरुण डॉक्टर होते. ते नसते तर लोकांना थेट पारनेर गाठावं लागलं असतं. पण या गृहस्थांना एक खोड. पोट फुगलं म्हणून आलेल्याला ना सुई, ना कॅप्सूल. "मिलो थोडी थोडी वाढवा, मिळेल तिथून ताक प्या," एवढंच.

एक गडी भडकला. "डाक्टर, फुकटचा सल्ला घरी सासू देती. तुमी सुई टोचा."

*

शेवटी डॉक्टरांनी कामावरच्या बायांना झाडाखाली बसवून समजावून सांगितलं. आपल्या आतड्यात जंतूंचं बिऱ्हाड असतं. आपल्याला न पचलेलं ते आंबवून खातात. त्यातून वायू होतो, पण आम्लं आणि जीवनसत्त्वंही तयार होतात, ती आपल्याला लागतात. खाणं एकदम बदललं की त्यांचंही तंत्र बिघडतं.

खडी फोडणाऱ्या हौसाबाईंनी हातोडी खाली ठेवली. "म्हंजी भाडेकरूच की. भाडं देत्यात का?"

"देतात ना. जीवनसत्त्वं बनवून देतात."

"मंग बरे हायेत. आमचा जावई तीन वर्सं ऱ्हातोय, अजून काय बनवलं न्हाई."

*

ही बातमी मात्र मी छापून आणली. मथळा होता, 'पोटातले जंतू मारू नका'. दुष्काळी कामांवर देखरेख करणारे साहेब जीप घेऊन दवाखान्यात हजर.

"सरकार गावोगाव जंतुनाशक फवारतंय आणि तुम्ही जंतू पाळायला सांगताय? सुखडी बाधते, असंच लोकांना सुचवायचंय ना?"

मी तिथंच होतो. "साहेब, बातमीत सुखडीचा शब्द नाही. नाव तुम्ही काढलंत."

साहेबांनी माझ्याकडे पाठ फिरवली. डॉक्टरांना म्हणाले, "सामान बांधा. महिनाअखेर बदली."

माझं तोंड दोन मिनिटं बंद राहिलं असतं तर! पण अशा वेळी ते बंद राहत नाही, आणि राहूही नये.

*

त्याच महिन्यात साहेब पाहणीला आले ते धरलेला घसा घेऊन. शहरातल्या डॉक्टरनं जंतू मारणाऱ्या जालीम कॅप्सूल दिल्या होत्या. लवकर बरं वाटावं म्हणून यांनी दुप्पट घेतल्या. घसा सुटला, पण पोटही सुटलं. संध्याकाळी डाकबंगल्यावर कुलकर्णींना बोलावणं गेलं. आमच्या गप्पा चालल्या होत्या, म्हणून मीही गेलो.

"हे तुमचे ते जंतू," साहेब कण्हत म्हणाले.

"माझे नाहीत, साहेब. तुमचेच होते. कॅप्सूलनं गेले. आता मीठ-साखरेचं पाणी आणि ताक."

ताक साऱ्या परिसरात एकाच घरी होतं. हौसाबाईंनी एक गाय छावणीला दिली नव्हती. जीप धाडली. ड्रायव्हर रिकाम्या तांब्यानं परत आला.

"साहेब, ती म्हनती, दिवे लागल्यावर ताक घराबाहेर जात न्हाई. साहेबांना प्यायाला घरात या म्हनावं."

साहेब गेले. मागोमाग आम्ही दोघं. हौसाबाईंनी पोतं अंथरलं, ताकाचं मडकं पुढ्यात घेतलं आणि हात झाकणीवरच ठेवला.

"आमचा डाक्टर जानार म्हनं?"

साहेबांनी पोट दाबलं. "कोण म्हणतं? इथंच राहणार."

बाईंनी पेला भरून दिला. साहेबांनी एका दमात संपवला आणि पुन्हा पुढं केला.

हौसाबाईंनी मडक्यावर झाकणी ठेवली.

"आता ते लेखी कवा देता?"