स्पॅनिश चिमणीची स्लाइड

कुंदा सरपोतदार लग्नानंतर आखातात, अल कुसैसला राहायला आली. विलास ऑफिसला गेला की ती दुर्बीण घेऊन गॅलरीत बसे. पुढं तिची मजल धैदकडच्या चाऱ्याच्या शेतांपर्यंत गेली. सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात तिथंच तिला घरचिमण्यांच्या थव्यात एक वेगळा नर दिसला. टोपी करडी नाही, तपकिरी; गाल पांढरेशुभ्र; छातीवरच्या काळ्या रेघा थेट कुशीपर्यंत. स्पॅनिश चिमणी. तिनं फोटो काढला, स्लाइड करून घेतली.

ती स्लाइड विलासचे साहेब टिपणीस "जरा बघून देतो" म्हणून घेऊन गेले आणि तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात, ऊद मेथाच्या हॉलमध्ये, स्वतःची म्हणून दाखवली. कुंदाच्या अंगाचा तिळपापड झाला. ती उठणार तोच विलासनं मनगट धरलं.

"बॉस आहे माझा. व्हिसा त्याच्या हातात आहे, कुंदा. खलास कर विषय."

तिनं विषय संपवला नाही, डूख धरला. पुढच्या हिवाळ्यात टिपणीसांचा फोन आला. "वहिनी, यंदा चीफ गेस्ट मुंबईचे पक्षितज्ज्ञ आहेत. स्लाइड शोला एखादी स्लाइड द्याल? परत करतो, इन्शाल्ला."

"अहो, न्या की," कुंदा साखर पेरत म्हणाली. गॅलरीतल्या साध्या घरचिमणीची स्लाइड तिनं काढली आणि वर स्वतःच्या हातानं 'स्पॅनिश चिमणी' लिहून दिली. टिपणीसांना दोन्हींतला फरक कळत नाही, हे तिला पुरतं ठाऊक होतं. आता तज्ज्ञापुढं त्यांचं हसं होणार होतं.

त्या संध्याकाळी ती ठेवणीतली साडी नेसून पहिल्या रांगेत बसली. पडद्यावर चिमणी आली. करडी टोपी, मळके गाल. पाहुणे पुढं झुकले. बोला आता, कुंदा मनात म्हणाली.

"ही स्पॅनिश चिमणी," टिपणीस म्हणाले आणि अडखळले. "गेल्या वर्षी मी एक चूक केली. ती स्लाइड माझी नव्हती. ती आणि ही, दोन्ही कुंदावहिनींच्या. वर्षभर झोप लागली नाही मला. वहिनी, प्लीज उभ्या राहा."

टाळ्या पडल्या. उभं राहणं भाग होतं.

पाहुणे हळुवारपणे म्हणाले, "ताई, ही आपली साधी घरचिमणी हो. टोपी करडी आहे, बघा. नवशिक्यांचं होतं असं. गेल्या वर्षीचीही हीच असणार."

मुद्दाम दिली, हे सांगायला तिला तोंड कुठं होतं? "असेल," ती म्हणाली आणि खाली बसली.

चोरी तिनं एक वेळ पोटात घातली असती. टिपणीसांचा हा मोठेपणा मात्र तिनं आजतागायत माफ केलेला नाही.