दुधाचा दात, स्टीलची टोपी

लग्न झालं की घरात सांगायला दोन-चार गोष्टी मागं राहतात, भांडण झालं की एखादी राहते. पण आमच्या घरात सगळ्यांत जास्त गोष्टी मागं ठेवल्या त्या एका दातानं. तोही दुधाचा, नातीचा, खालच्या जबड्यातला. चार बायका नाचणी निवडायला बसल्या की कुणीतरी म्हणतंच, "ती दाताची सांग गो." मी विचारते, "कुठली?" कारण एक सांगितली की तिचं शेपूट धरून दुसरी येते.

मला लिहिता येत नाही. मी सांगतेय आणि सायली लिहितेय. दात तिचाच, त्यामुळे मधेच पेन थांबतं आणि "आजी, हे नको" होतं. मी तिला म्हटलं, बाय, दात तुझा, पण गोष्ट माझी. लिही.

•

आमची वाडी कुडपणच्या अंगाला, डोंगरावर. घरात मी, आमचा म्हातारा आणि गुरं. मुलगा बिरवाडीला खोली घेऊन राहतो, कंपनीत जातो. सुनेचं दुसरं बाळंतपण आलं तेव्हा सायलीला आमच्याकडे ठेवली होती. पहिलीत होती तेव्हा.

एक दिवस बघते तर पोरगी भाकर एकाच बाजूनं चावतेय आणि दुसरा गाल हातानं धरून बसलीय. लवंग लावली, मिठाचं पाणी दिलं. रात्रीचं रडणं काही थांबेना.

म्हाताऱ्याला गुरांच्या दातांची पारख. बाजारात बैलाच्या ओठांच्या कोपऱ्यात अंगठा घालायचा, जबडा उघडायचा आणि वय सांगायचं, असा त्याचा हात. सायलीलाही त्यानं उजेडाला धरलं, तसाच अंगठा घातला आणि सांगितलं, "आदत हाय." म्हणजे सगळे दुधाचे दात, अजून एकही पडलेला नाही. "किडलाय, पण पडंल आपसूक. चिंता नको."

मी म्हटलं, "अवो, ती पोर हाय का कालवड?"

सायलीनं डोळे पुसले, एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. मग हळूच विचारलं, "आजा, मला बाजारात इकनार काय?"

म्हातारा उठला आणि खुंटीवरची टोपी घालून म्हणाला, "चला महाडला."

•

महाडच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण, बारीक आवाजाची. तिनं दाताचा फोटो काढला. म्हातारा उभ्याउभ्याच म्हणाला, "बाय, उगा तरास कशाला घेता? दुधाचाच हाय. वडा आन टाकून द्या."

ती म्हणाली, "आजोबा, हा मागचा दात अजून काही वर्षं तोंडात राहायला हवा. त्याच्या खाली नवा दात तयार होतोय. हा आत्ताच काढला तर शेजारचे दात त्या जागेत कलतील, आणि नवा आला की त्याला जागाच मिळणार नाही. मग तो वाकडातिकडा कुठूनही येईल."

म्हाताऱ्याच्या डोक्यात काही शिरेना. माझ्या मात्र शिरलं. मी म्हटलं, "म्हंजे एसटीच्या खिडकीतून शीटवर रुमाल टाकतात तसं. माणूस मागनं येतंय, तवर रुमालानं जागा धरायची."

"अगदी तसंच," बाई म्हणाली.

म्हाताऱ्यानं हनुवटी खाजवली. "पण रुमाल कुजलाय त्याचं काय?"

"कुजलेलं कापून काढू, आतली नस साफ करू, औषध भरू आणि वरनं स्टीलची टोपी घालू."

"रुमालाला टोपी," म्हातारा म्हणाला आणि तेवढ्यावर राजी झाला.

•

मग बाईनं विचारलं, "हिला गोड कोण देतं?"

सायली वर पंख्याकडे बघायला लागली. म्हातारा भिंतीवरच्या चित्रातले दात मोजायला लागला.

"झोपताना काही खाते का? चॉकलेट, गोळी?"

मला ठाऊक होतं. म्हाताऱ्याच्या बंडीच्या खिशात संत्र्याच्या गोळ्या असतात. गुरांमागं जाताना एक नातीला, एक स्वतःला. रात्री गोष्ट सांगताना आणखी एक. पण आता नवऱ्याला परक्या बाईसमोर कुठं उघडं पाडायचं म्हणून मी पदर नीट करत बसले. पोरगी तर माझ्याहून इमानी. "कोन नाय देत," म्हणाली, आणि ओठ घट्ट मिटले.

बाई हसली. "बरं. मग एकदाच आ कर, नुसतं बघते."

सायलीनं आ केला. जिभेवर गोळी. केशरी. अजून अर्धी विरघळायची होती.

बाहेर बाकावर पोर रडत होती ना, तेव्हा म्हाताऱ्यानं गप बसवायला दिली होती!

•

खरं काम करायचं होतं त्या दिवशी मात्र पोरीनं तोंडच उघडलं नाही. खुर्चीत बसली, दिवा लागला, आणि जबडा असा मिटला की कच्चा फणस बरा. मी समजावलं. मुलगा कंपनीतून सुट्टी काढून आला होता, त्यानं आधी लाडीगोडी लावली, मग आवाज चढवला. म्हणाला, "बाबा, तुम्ही हात धरा, मी डोकं धरतो."

डॉक्टरीणबाईनं हातातलं हत्यार खाली ठेवलं. "नाही. धरून करायचं नाही. आज धरून केलं तर ही जन्मभर दाताच्या खुर्चीला घाबरेल."

मग आम्हा मोठ्यांना बाजूला घेऊन म्हणाली, "हिरडीवर पुळी आलीय. औषध देते, आठवड्यानं या. पण तेव्हाही तोंड उघडलं नाही आणि पू खाली उतरला, तर मला दात काढावाच लागेल. मग वाचवायला काही उरणार नाही."

सायलीसमोर ती गुडघ्यावर बसली. "तुला सांगितल्याशिवाय मी काही करणार नाही. दुखलं तर हात वर कर. मी थांबेन. खोटं नाही बोलत."

आम्ही डेपोत येऊन बसलो. तेवढ्यात सायलीनं जांभई दिली. ही एवढी! वरचे, खालचे, किडका, सगळे दात लख्ख दिसले.

म्हातारा मला म्हणाला, "पळ गो, बोलवून आन त्या बाईला. आत्ता दिसतोय."

•

त्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी गोठ्यातून बोलणं ऐकू आलं म्हणून डोकावले. सायली हातात माझा चहाचा चमचा घेऊन वासरासमोर बसलेली.

"आ कर. मी नुसतं बगनार हाय. तुला सांगितल्याबिगार काय नाय करनार. दुकलं तर पाय वर कर."

वासरानं चमचा चाटला. मग तिच्या फ्रॉकचा कोपरा तोंडात घेतला आणि चघळायला लागलं. डॉक्टरीण वैतागली. "हा पेशंट काय कामाचा नाय."

म्हातारा गवत टाकत होता. तिथंच पेंढ्यावर आडवा झाला. "मला तपास."

ती त्याच्या छातीशी बसली. "दुकलं तर हात वर कर हां आजा."

म्हाताऱ्यानं लगेच हात वर केला.

"अरे, आजून मी काय केलंच नाय."

"आदीच सांगून ठेवतो."

मग ती त्याच्याच आवाजात म्हणाली, "चिंता नको," आणि चमचा आत घातला. म्हाताऱ्यानं डोळे मिटून घेतले. मी दारातून मागं सरले. आठवडाभर रोज सकाळी आमच्या गोठ्यात दवाखाना चालायचा आणि गुरं उशिरा सुटायची.

•

पुढच्या वेळी महाडला खुर्चीत ती आपली आपण चढली.

बाईनं आधी हिरडीला बधिर करायचं औषध चोळलं. चोळायच्या आधी सांगितलं, तरी पोरीनं हात वर केला. बाई थांबली. परत सुरू केलं, परत हात. परत थांबली. दुखत नव्हतं, मला दिसत होतं. पोरगी बाईची परीक्षा घेत होती. बाहेर पेशंट खोळंबलेले, एक माणूस तर दोनदा आत डोकावून गेला. बाई दर वेळी थांबत होती आणि दर वेळी विचारत होती, "आता करू?"

मग एकदा हात वर झालाच नाही. सुई झाली, मशीनचा आवाज झाला, घाण निघाली, औषध भरलं. मी मनातल्या मनात ग्रामदेवतेला नारळ बोलत होते. मधेच बघते तर म्हाताऱ्याचा हात वर. बाईनं दचकून विचारलं, "काय झालं आजोबा?"

"काय नाय. बाहेर जातो जरा."

काम झालं तेव्हा पोरीचा अर्धा ओठ बधिर. बोट लावून बघितलं आणि घाबरली. "आजी, माजा ओठ कुटं गेला?" बाई म्हणाली, तिथंच आहे, थोड्या वेळानं जागा होईल, तोवर चावू देऊ नका. पण पोरीला काही पटेना. एसटीत बसल्यावर म्हाताऱ्याचं बोट धरून तिनं आपल्या ओठाला लावलं. "धर आजा. सोडू नको. पडंल."

सावित्रीचा पूल मागं पडला, पोलादपूर आलं. पोरगी झोपून गेली होती. म्हाताऱ्याच्या हाताला मुंग्या आल्या असतील, पण बोट हललं नव्हतं.

•

टोपी पुढच्या खेपेला बसली. चकचकीत. वाडीत बातमी गेली की सायलीला चांदीचा दात बसवलाय. पोरं ओळीनं बघायला यायची आणि ही ओसरीवर आ करून बसायची. जी पोरगी खुर्चीत तोंड उघडत नव्हती ती आता मिटत नव्हती.

शेजारची एक म्हातारी नीट वाकून बघून गेली आणि मला म्हणाली, "बरं केलंस गो. लग्नात मोडायला उपेगी पडंल."

शाळेत फोटोवाला आला. गुरुजी म्हणाले, "हसा." सगळी पोरं हसली. तो फोटो अजून आमच्या भिंतीवर आहे. सगळ्या वर्गाचे पुढचे दात दिसतात, आणि मधे आमची, मान वाकडी करून, घसा दिसेल एवढा आ केलेली. (इथं पेन थांबलं होतं. लिहवून घेतलंय.)

•

आता शेवटची.

सायली पुढं बिरवाडीला शाळेत गेली. मे महिन्यात आमच्याकडे यायची. काही वर्षांनी अशीच आलेली, करवंदं खात बसलेली, आणि एकदम थांबली. तळहातावर थुंकली. करवंदाच्या बियांत टोपी चमकत होती. आत दात, तसाच्या तसा.

मी घाबरले. म्हटलं गेली सगळी मेहनत. तिला उजेडाला आणलं, बोट घालून बघितलं. जिथं जुना होता तिथंच, मधोमध, हिरडीतून पांढरं टोक वर आलेलं. सरळ. बोटाला टोचलं.

डॉक्टरीणबाईला फोन लावला. ती म्हणाली, "आजी, वेळेवर पडला. त्याचं काम झालं."

आमच्यात पडलेला दुधाचा दात घरावर टाकतात. उंदरानं जुना न्यावा आणि नवा द्यावा म्हणून. मी म्हटलं, "टाक गो कौलावर."

म्हातारा उसळला. "ह्यो उंदराला? एवडा राखलेला? कुनी टाकला तर बगा."

"मग काय देव्हाऱ्यात ठेवता?"

"ठेवीन. तुजं काय जातंय?"

"पडायचाच होता तो. तुमीच बोलला होतात."

"तवा येगळं. आता येगळं."

आमचं जुंपलं. मुलगा फोनवर म्हणत होता, जपून ठेवा, हिच्या आईला दाखवू. सायली सगळ्यांचं ऐकत होती. तिनं दात पाण्यानं धुतला, टोपीसकट फ्रॉकला पुसला आणि म्हाताऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आजा, आ कर."

त्यानं केला. तिनं वाकून बघितलं, बोटानं चाचपलं. मागं खाली एका जागी त्याला कधीचा दातच नव्हता. तिथं तिनं तो दात ठेवला, अंगठ्यानं दाबला आणि हनुवटीला हात लावून त्याचं तोंड मिटवलं.

"आता बोलू नको. पडंल."

मी चहा विचारला. म्हाताऱ्यानं मान हलवली. जेवायला वाढलं, ताट बाजूला सारलं. दुपारी शेजारचा एक जण विड्या ओढायला आला, आपला आपणच बोलला आणि कंटाळून गेला. मी म्हटलं, "अवो, पुरे आता." म्हातारा भिंतीला टेकून, गाल धरून बसून राहिला.

तिन्हीसांज झाली. गुरं पलीकडच्या माळावर. त्याची हाक आल्याशिवाय ती घराकडे वळत नाहीत, इतक्या वर्षांत दुसऱ्या कुणाच्या हाकेला आलेली नाहीत. म्हातारा गाल धरूनच उठला, अंगणाच्या टोकाला जाऊन उभा राहिला आणि त्यानं सायलीकडे बघितलं.

त्या दिवशी गुरांना सायलीनं हाक मारली.