तिसऱ्या मजल्यावरचा जॉइंट

दुपारी जेवण झाल्यावर सर्जेराव बहिणीच्या स्वयंपाकघरातच आडवा होतो. आला होता सिंकखालची गळती बघायला, पण शालनअक्कानं आग्रह करकरून आमटी-भात वाढला आणि गड्याचं अंग जड झालं. ती मोरीत भांडी घासतेय. तो आवाज लांब जातो, जवळ येतो, पुन्हा लांब जातो. धड झोप लागलेली नाही, धड जागही उरलेली नाही. तेवढ्यात सिंकखालच्या कपाटातून दोन पाय बाहेर आलेले त्याला दिसतात. टाचा भेगाळलेल्या, डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं. अगं आई गं, हे तर दाजी!

अक्काचे मालक विलासदाजी जाऊन पाच महिने झालेत. दाजी आणि मेहुणा, दोघंही प्लंबर. कुठंही जायचे ते जोडीनं.

"दाजी, तुम्ही?"

"मग दुसरं कोण? बॅटरी धर. नीट धर, आरतीसारखी ओवाळू नको."

माणूस गेला, पण बोलायची तऱ्हा तीच! सर्जेरावाला हसू येतं आणि हसता हसता रडू फुटतं. तो कपाटात डोकं घालतो. आत डबे नाहीत, पिशव्या नाहीत. आत दोघांनी जोडीनं शेवटचं काम केलेल्या त्या पाच मजली इमारतीचा डक्ट आहे, पाइपांनी भरलेला, खाली खोल गेलेला. दोघं लोखंडी अँगलवर पाय टेकून उभे आहेत आणि भांड्यांचा आवाज येतोच आहे.

"कुठला जॉइंट काढलाय?" सर्जेराव विचारतो, जसं काही त्याला ठाऊकच नाही.

"तिसऱ्या मजल्यावरचा. तुझा."

झालं. जे ऐकायची भीती होती तेच कानावर आलं. ती बाथरूममागची सांदच अशी वाईट, की पान्हा फिरत नाही आणि चिकटवायला दुसरा हात शिरत नाही. अशा ठिकाणी पुशफिट जॉइंट बसवायचा. पाइप नुसता आत ढकलायचा, आतले पोलादी दात त्याला धरून ठेवतात. सोपं दिसतं ना? तिथंच माणूस फसतो. पाइपावर आधी पेन्सिलीनं खूण करायची, ती खूण गडप होईपर्यंत ढकलायचं आणि मग मागं ओढून बघायचं. दाजींचा हा नेम कधी चुकला नाही. त्या दिवशी सर्जेरावाचा हात कोपरापर्यंत सांदीत अडकलेला. पेन्सिल कोण शोधत बसतंय! पाइप जरा अडला, तो म्हणाला, बसला. निम्माच बसला होता. आठवड्यात निसटला, पाण्याचा लोट सुटला, दाजी घाईघाईनं डक्टमध्ये उतरले आणि ओल्या अँगलवरून त्यांचा पाय सटकला. लोक म्हणाले, स्वतःच्याच कच्च्या कामापायी गेला. सर्जेरावानं ते ऐकून घेतलं आणि मान खाली घातली.

"दाजी, चूक माझी होती."

"मला काय सांगतोस? मी होतोच की तिथं. तिला सांग."

"तुम्हीच जावा ना तिच्या स्वप्नात."

"जाऊन आलो. बघतसुद्धा नाही माझ्याकडं." दाजींचा आवाज बारीक होतो. "म्हणते, धांदरटपणा केलात आणि मला उघड्यावर टाकून गेलात. वीस वर्षं संसार केला रं आम्ही, सर्जा. अशी कधी बोलली नव्हती."

सर्जेराव खाली बघतो. डक्टच्या तळाशी मोरी आहे आणि मोरीत पाठमोरी अक्का. दाजी हाक मारतात, "शालन! अगं शालन!" तिचा हात थांबत नाही.

"तू मार हाक. तुझी ऐकंल."

सर्जेराव तोंड उघडतो. अक्का चार हातांवर आहे, एक शब्द बोलला तरी पुरे, पण तो शब्द काही केल्या फुटत नाही. तेवढ्यात भिंतीतला जॉइंट उडतो आणि पाणी दोघांच्या तोंडावर येतं.

"बोट घाल त्यात! बोट घाल!" दाजी ओरडतात.

तो करंगळी त्या भोकात खुपसतो. एकदा अडते. आणखी ढकलतो. मग दात रुततात, पाणी थांबतं आणि कळ थेट डोक्यात जाते.

"आता ओढून बघ," दाजी म्हणतात.

तो ओढतो. बोट सुटत नाही. "असं बसवायचं असतं बघ," दाजी म्हणतात, रागानं नाही, अगदी शिकवल्यासारखं, आणि त्यांच्या पायाखालचा अँगल रिकामा होतो.

सर्जेराव धडपडून उठतो. ऊन अजून खिडकीतच आहे. कपाटाचं दार बंद आहे, आणि अक्का पदराला हात पुसत त्याच्यासमोर उकिडवी बसलीय.

"किती कण्हत होतास रं. आणि हे काय?" ती त्याचा हात उचलते. करंगळीभोवती गोल, बारीक दात उमटलेत. एकेका खुणेत रक्ताचा ठिपका. "जेवताना तर नव्हतं हे."

सर्जेराव तिच्या तोंडाकडं बघतो. बहीण समोर आहे, घरात तिसरं कुणी नाही, सांगायला याहून बरी वेळ ती कुठली?

"कामात लागलं असंल सकाळी," तो म्हणतो.

अक्का हळदीची चिमूट आणते आणि बोटावर दाबते. डोळ्यांत पाणी आहे, पण आवाज कडक.

"सांभाळून कर बाबा कामं. ह्यांच्यासारखी कशीतरी उरकू नको. मरणारा सुटतो, मागं बाईचे हाल होतात."

"व्हय, अक्का," सर्जेराव म्हणतो.